किरीटातलं सोनं आणि मशीनची चिठ्ठी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देवस्थानांच्या दागिन्यांची शुद्धता मशीनवर तपासून घ्यावी, असं हल्ली जो तो म्हणतो. म्हणणं रास्त आहे. पण मशीनमधून आलेला आकडा वाचायचा कसा, हे कुणी सांगत नाही, आणि तो न वाचता आल्यामुळे गेल्या चैत्रात माझे आजोबा भर सभेत चोर ठरले. त्यांना जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली, त्यामुळे उत्तर द्यायला ते येऊ शकत नाहीत. म्हणून हे पत्र.

आमच्या गावच्या देवस्थानात (नाव मुद्दाम देत नाही, मंडळी आपलीच आहेत) उत्सवमूर्तीचा एक किरीट आहे. तो आजोबांनी १९३८ साली घडवला. पालखी दारासमोर थांबली की आजी आम्हा मुलांना पुढे ढकलून हळूच सांगायची, "बघा, तुमच्या आज्याच्या हातचा." विम्यासाठी किंमत काढायची म्हणून कमिटीने यंदा सगळे जिन्नस शहरातल्या एका पेढीवर नेले. तिथे टेबलावर मावेल असं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, मशीन आहे. झाकण उघडून वस्तू छोट्या खिडकीवर ठेवायची, झाकण लावायचं, अर्ध्या-पाऊण मिनिटात चिठ्ठी तयार. किरीटाची चिठ्ठी अशी: सोने ४१.३६, चांदी ५५.१२, तांबे २.९७, जस्त ०.५५. खाली ठळक अक्षरांत "९.९३ कॅरेट".

कमिटीच्या संगणकावरच्या यादीत मात्र "सोन्याचा किरीट, नग १" एवढंच होतं. महाजनांच्या (म्हणजे देवस्थानाच्या परंपरागत सभासदांच्या) सभेत खजिनदारांनी यादी आणि चिठ्ठी एकापाठोपाठ एक वाचली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "शेट, तुमच्या आज्यान देवाकय सोडूंक ना मरे!" सभा हसली. मीही कसनुसा हसलो. घरी येऊन जेवण गेलं नाही. इतिवृत्तात "घडणावळीच्या वेळी अफरातफर झाल्याचा संशय" हे वाक्य चढलं ते चढलंच.

आता मी कोण, तेही सांगतो, म्हणजे नातवाचा कळवळा एवढाच याचा अर्थ होणार नाही. आमचं घराणं सोनारांचं. गोवा मुक्त झाला आणि जेमतेम वर्षभरात, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी. वडिलांनी काही वर्षं तग धरला, पण १९६८चा कायदा झाल्यावर ऐरण आणि फुंकणी माळ्यावर टाकली आणि बार्जवर कारकुनी धरली. तो कायदा १९९० साली रद्द झाला तेव्हा घरात फुंकणी धरणारं कुणी उरलं नव्हतं. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो आणि १९८० साली डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीच्या लॅबमध्ये लागलो. सुरुवातीची वर्षं लोखंडाचं प्रमाण ब्युरेटने, डायक्रोमेट घालून काढायचं. मग एक्सआरएफ आलं आणि मी त्याच्यासमोर बसलो तो २०१२च्या ऑक्टोबरपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, लॅबला कुलूप लागलं आणि मी वेळेआधी घरी आलो. म्हणजे ज्या मशीनने आजोबांना चोर ठरवलं, त्याच जातीच्या मशीनवर माझा संसार झाला.

मशीन काय करतं? त्यातून निघालेले क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकाम्या जागी वरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना स्वतःचा क्ष-किरण सोडतो. त्या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. तांब्याची ८.०५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, सोन्याची ९.७१, चांदीची २२.१६. हा हिशेब मोस्ली नावाच्या इंग्रज तरुणाने १९१३ साली मांडला. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, ते मशीन मोजतं आणि इथवर ते खोटं बोलत नाही. किरीटात सोनं आहे, चांदी आहे, थोडं तांबं आहे, हे त्याने बरोबरच सांगितलं. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. किरणांवरून टक्के काढताना त्यातला प्रोग्रॅम एक गोष्ट धरून चालतो: समोरची वस्तू एकजीव आहे, सगळे धातू एकाच मुशीत वितळून ओतलेले आहेत.

कल्हईचं पातेलं घ्या. खाली तांबं, वर कथिलाचा पातळ थर. मशीनवर ठेवलंत तर कथिलाचे किरण येतील आणि पातळ थर भेदून तांब्याचेही येतील. तांबं आणि कथील एकत्र म्हणजे मशीनच्या लेखी कासं. चिठ्ठीवर दोन दशांशांपर्यंत आकडे छापून ते तुमच्या पातेल्याला काशाचं ठरवील. कल्हईवाला हसेल, पण कल्हईवाल्याला कॉम्प्युटरची चिठ्ठी छापता येत नाही.

सोन्याच्या मुलाम्याचंही तसंच. सोनं हा फार दाट धातू. त्याच्या स्वतःच्या किरणांना त्याच्यातून बाहेर पडायला त्रास होतो. चार-साडेचार मायक्रॉन खोलीवर निघालेल्या किरणांपैकी शंभरातले ३७-३८च पृष्ठभागापर्यंत पोचतात, आणि दहा-बारा मायक्रॉनच्या खालचं मशीनला जवळजवळ दिसतच नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मशीन दागिना बघत नाही, दागिन्याची कातडी बघतं. उलट चांदीचा २२.१६चा किरण दणकट. वर एक मायक्रॉन सोनं असलं तरी दहातले जवळजवळ नऊ किरण पार होतात. एकाचे किरण वरून, दुसऱ्याचे खालून, आणि बिचारा प्रोग्रॅम दोघांना एका मुशीतले समजून टक्के वाटत बसतो.

आणखी एक गंमत. चिठ्ठीतल्या चार आकड्यांची बेरीज करून बघा. बरोबर १००.००. यावर खजिनदारांचा मोठा भर होता: "हिशेब शंभर टक्के जुळतो, मग चूक कुठली?" अहो, तो जुळणारच, कारण शेवटी सगळ्या आकड्यांना खेचून-दाबून शंभरात बसवायचं, असंच त्या प्रोग्रॅमला सांगितलेलं असतं. किरीटाऐवजी नारळ ठेवला असता तरी धातूंची बेरीज शंभरच आली असती.

एकजीव वस्तूतसुद्धा धातू एकमेकांच्या हिशेबात लुडबुड करतात. सोन्याचे किरण शेजारच्या तांब्याला चेतवण्याइतके जोरकस असतात, त्यामुळे सोन्यातलं तांबं आहे त्याहून जास्त दिसतं. ही लुडबुड गणिताने दुरुस्त करता येते आणि मशीन ती करतंही. पण ते गणित सरमिसळीचं. थरांना ते लागू नाही. थरांसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, आणि त्याला कशावर काय चढवलंय ते आधी सांगावं लागतं. वर सोनं, खाली चांदी, असं सांगितलं तर तो टक्के न देता थराची जाडी देतो. पेढीवर विचारलं, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, आम्ही एकच बटण दाबतो." प्रामाणिक मुलगा.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. हाच धडा आम्ही लाल मातीत गिरवला. खाणीवर हातात धरायच्या बंदुकीसारखी एक्सआरएफ मशीनं आली तेव्हाची गोष्ट. एक तरुण इंजिनिअर उत्साहाने जुन्या डंपवर (टाकलेल्या मालाच्या ढिगावर) गेला, एका ढेकळावर बंदूक टेकवली आणि जाहीर केलं, "लोखंड ४९, माल फालतू." आमच्या फोरमनने काही न बोलता हातोडीने ढेकूळ फोडलं आणि ताज्या कडेवर बंदूक टेकवायला सांगितली. ६१. बाहेर सगळा चिकणमातीचा लेप होता. लोखंडाचे किरण मालात काही दहा मायक्रॉन खोलीवरून येतात, पण माती म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन, त्यांचे किरण इतके अशक्त की वरच्या काही मायक्रॉनांपलीकडून येतच नाहीत. मातीचा पातळ हात फिरलेला असला की मशीनला सगळीकडे मातीच. जुलैत तर विचारूच नका. ओल्या फाइन्सवर (बारीक खनिजावर) पाण्याचा थर, तो किरण गिळतो आणि आकडे रोज वेगळे. हवामान खातं बरं, असं वाटायचं.

म्हणून लॅबमध्ये नमुना आणला की आधी १०५ अंशांवर वाळवायचा, पिठाहून बारीक दळायचा. दळूनही भागत नाही, कारण एकाच लोखंडाचे हेमेटाइट आणि गोएथाइट असे दोन अवतार असतात. त्यांचे कण वेगवेगळे दळले जातात, दाबून केलेल्या वडीत वेगवेगळे बसतात. खरा आकडा हवा असेल तर ती पूड लिथियम बोरेटमध्ये मिसळून हजार-साडेदहाशे अंशांवर वितळवायची आणि काचेची टिकली ओतायची. कण गेले, थर गेले, सगळं एकजीव. मशीन जे गृहीत धरतं ते आम्ही आधी खरं करून द्यायचो आणि मगच त्याला प्रश्न विचारायचो. ती टिकली ओतायची मूस प्लॅटिनमची असते आणि तिच्यात पाच टक्के सोनं असतं, काच चिकटू नये म्हणून. सोनाराच्या पोराच्या हाती शेवटी एवढं सोनं आलं, तेही कंपनीचं, रोज संध्याकाळी सही करून परत करायचं.

देवाचा किरीट दळून वितळवता येत नाही हे मलाही कळतं. मग काय करता येईल? कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं. माणूस भला. म्हणाले, "शेट, तुम्हाला पटेपर्यंत तपासा." किरीट घेऊन आम्ही चौघं पुन्हा त्याच पेढीवर गेलो आणि एकाऐवजी तीन जागी मोजायला लावलं. समोरच्या नक्षीवर पहिल्यासारखेच ४१ च्या आसपास. मागच्या कडेला, जिथे रेशमी नाडा बांधून बांधून घासलं गेलंय, तिथे सोनं ११, चांदी ८५. आतल्या बाजूला सोनं एकाहून कमी, चांदी ९४. एका मुशीतली वस्तू असती तर तिन्ही आकडे मागेपुढे सारखेच आले असते.

पडद्यावर आलेख बघू दिला, तेव्हा आणखी एक दिसलं. सोन्याच्या शिखराच्या उजव्या खांद्यावर ९.९९ पाशी बारीक फुगवटा. ती जागा पाऱ्याची. जुने सोनार सोनं पाऱ्यात विरघळवून तो लेप चांदीवर फासायचे आणि तापवून पारा उडवायचे. थोडा पारा मागे राहतोच. मशीनच्या यादीत पारा नव्हताच, म्हणून चिठ्ठीवर तो आला नाही. तो फुगवटा बघून मला आजोबांचे थरथरणारे हात आठवले. त्या धुराने काय केलं असेल, हा विचार तोवर कधी मनात आला नव्हता.

चांदीची एक दुसरी, दुबळी रेषा २.९८ वर असते. तिला एक मायक्रॉन सोनं पुरतं अडवतं. ती गायब आणि २२.१६ची हजर, असं दिसलं असतं तर चांदी खाली असल्याचा आणखी एक पुरावा झाला असता. पण पेढीवरचं मशीन उघड्या हवेत मोजतं, हवेत आरगॉन असतो, आणि त्याची रेषा पडते २.९६ वर. आलेखात दोघांची गिचमिड झाली होती. तो पुरावा मी सोडून दिला.

तरी एका महाजनांचं समाधान होईना. "आतून चांदीचा वेगळा पत्रा लावला असेल, मधे सोनं असेल." शंका वाईट नव्हती, क्ष-किरणांनी तिचं उत्तर मिळणारही नव्हतं. म्हणून आम्ही देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) बसलो. बायकोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ज्यावर ती चवथीच्या नेवऱ्यांचं (गणेश चतुर्थीच्या करंज्यांचं) सारण तोलते, तो नेला. किरीट आधी कोरडा तोलला: ४१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बादली ठेवून आकडा शून्यावर आणला. किरीट दोऱ्याने काठीला टांगून पाण्यात सोडला, तळाला टेकणार नाही असा. पाण्यात रिठा घातला होता, नाहीतर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात. भटजींनी बोटाने हलकेच टिचक्या मारून उरलेसुरले बुडबुडे काढले. काटा ३९ आणि ४० मध्ये थरथरला आणि ४० वर थांबला.

म्हणजे किरीटाने ४० ग्रॅम, अर्थात ४० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारलं. ४१२ भागिले ४०, घनता १०.३. तांबं मिसळलेल्या चांदीची घनता तेवढीच. निव्वळ सोन्याचा असता तर काट्याने २१ दाखवले असते. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे ४१ टक्के सोन्याचा, एकजीव असता तर ३२. पत्र्यांच्या मधे सोनं दडवलेलं असतं तरी ते इथे लपलं नसतं. आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर कडेला उभे होते. "हा तर आर्किमिडीज," ते म्हणाले, "तोही मुकुटच होता आणि तिथेही सोनारच अडकला होता."

मग सोनं आहे तरी किती? बाहेरचा पृष्ठभाग मी कागद लपेटून मोजला, सुमारे ४०० चौरस सेंटीमीटर. मुलामा दीड मायक्रॉन धरला तर सोनं भरतं एक-सव्वा ग्रॅम. आजोबांच्या भाषेत दहाएक गुंजा. आणि चिठ्ठीच्या हिशेबाने? ४१२ चे ४१.३६ टक्के, म्हणजे १७० ग्रॅम! गंमत बघा: ज्या चिठ्ठीवरून आजोबांनी सोनं खाल्लं असं म्हटलं गेलं, तिने किरीटात नसलेलं १६९ ग्रॅम सोनं घातलं होतं. विमा कंपनीला तो आकडा गेला असता तर अफरातफर कुणाच्या नावावर लागली असती?

शेवटचा पुरावा मशीनचा नाही, कपाटातला आहे. १९३३च्या माझानीच्या (महाजनांच्या संस्थांच्या) कायद्याखाली देवस्थानाचा कारभार चालायचा तेव्हाचा पोर्तुगीज इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी, अजून जाग्यावर आहे, वाळवीने कडा खाल्लेला. त्यात शाईने लिहिलंय: "कोरोआ द प्राता दोरादा", ४१५ ग्रॅम. कोरोआ म्हणजे मुकुट, प्राता म्हणजे चांदी, दोरादा म्हणजे मुलामा दिलेली. पुढे कुणीतरी यादी मराठीत उतरवताना "दोरादा" एवढाच शब्द धरून "सोन्याचा" लिहिलं आणि संगणकावर तेच चढलं. आजोबांनी चांदीचा किरीट घडवला, चांदीचाच म्हणून दिला, आणि तसा तो नोंदला गेला. ४१५ चे ४१२ झाले ते ऐंशीहून अधिक वर्षांच्या रिठ्याने आणि नाड्याने.

जुन्या गोव्यातल्या चर्चमधल्या सोनेरी वेदी बघताना मला आता हेच आठवतं. त्या लाकडावर आधी खडूचा किंवा जिप्समचा सरसात कालवलेला लेप, त्यावर तांबूस चिकणमातीचा हात, आणि सर्वांत वर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा सोन्याचा वर्ख. तिथे हे मशीन लावून टक्के काढले तर कॅल्शियम आणि लोखंडाच्या खालोखाल चिमूटभर सोनं निघेल. म्हणून ती वेदी भेसळीची म्हणायची का?

वाचकांपैकी कुणी जुनं मोडीला काढणार असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा. मशीन २२ कॅरेट सांगेल आणि ते पत्र्यापुरतं खरंही असेल, पण तराजूत लाखही बसलेली असते. उलट साखळीच्या कडीवर नेमका डाख खिडकीसमोर आला तर चांगल्या सोन्याचा कस कमी दिसतो, कारण मशीन मिलिमीटरभराचा ठिपका बघतं. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचं पाणी असतं, आणि कित्येक मशीनांच्या क्ष-किरण नळीतच ऱ्होडियम असतं, त्यामुळे ते दागिन्यावरचं की मशीनचं हे कळायला मारामार. तेव्हा निदान तीन जागी मोजायला सांगा. जुना सोनार कसोटीवर कस लावायच्या आधी कानशीने बारीक खाच पाडायचा, ती उगाच नाही. कसोटीचा दगडही वरचाच थर घेतो, हे त्याला माहीत होतं.

मशीन फेकून द्या असं मी म्हणत नाही. उलट आगीच्या परीक्षेलाही फसवणारे लोक आहेत. हॉलमार्किंग केंद्रात आधी एक्सआरएफने बघतात आणि मग नमुना काढून शिशाबरोबर भट्टीत घालतात. शिसं हलक्या प्रतीचे धातू घेऊन मुशीत मुरतं, चांदी नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये जाते, उरलं ते सोनं म्हणून तोलतात. पण सोन्यात इरिडियमची पूड मिसळली असेल तर ती अ‍ॅसिडला दाद देत नाही आणि सोन्याबरोबर तोलली जाते. ती पकडायला एक्सआरएफच लागतं. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय विक्री बंद झाली, हे चांगलंच झालं. मात्र तो नियम दुकानातल्या नव्या दागिन्यांचा. १९३८च्या मुलाम्याला तो काय सांगणार?

पेढ्यांना आणि देवस्थानांना माझी विनंती एवढीच. चिठ्ठीवर किती जागी मोजलं ते लिहावं, आणि मिश्रधातू समजून मोजलं की मुलामा समजून, तेही लिहावं. मुलाम्याच्या वस्तूपुढे कॅरेट छापू नये. जुने इन्व्हेंतार ज्यांच्याकडे असतील त्यांनी पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून ते आधी वाचून घ्यावेत, "दोरादा" आणि "ओरो" (सोनं) यांतला फरक त्यात स्पष्ट असतो. वस्तू पाण्यात तोलायला पैसे पडत नाहीत.

अध्यक्षांनी यादी दुरुस्त केली आहे. आता तिथे "चांदीचा किरीट, सोन्याचा मुलामा" असं आहे. इतिवृत्तातलं वाक्य मात्र महाजनांच्या सभेतच मागे घेता येतं, आणि ती सभा दसऱ्यानंतर आहे. तिन्ही चिठ्ठ्या, इन्व्हेंतारच्या त्या पानाची झेरॉक्स आणि काटा घेऊन मी जाणार आहे. बायकोने बजावलंय, काटा चवथीनंतरच मिळेल.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)